तिसऱ्या खिडकीनंतरची पट्टी

मी आयुष्यात एकच रेघ अगदी सरळ मारली आणि नेमकी तीच चुकीची निघाली. आमच्या घरात रविवारी जेवायला बसलं की कुणीतरी हा विषय काढतंच, आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने त्यात मीठमसाला घालतो. म्हणून झालं तसं एकदा मीच लिहून काढते आहे.

माझी नोकरी आधी सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. मी एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. समोरच्या पट्ट्यावरून हजारो गोळ्या सरकत जातात, त्यातली एखादी कोपरा उडालेली असते, आणि ती मला दिसते. खरं म्हणजे मला तेवढीच दिसते. सतरा वर्षं हे काम केल्यावर नजरच तशी होऊन जाते. लग्नाच्या पंगतीत मला जिलबीचा तुटका वेढा दिसतो, नव्या साडीत उसवलेला धागा दिसतो. माझा नवरा म्हणतो, तू मला पसंत कशी केलीस हेच मला अजून कळलेलं नाही.

माझे वडील निवृत्ती सोनकांबळे बाविसाव्या वर्षी पूर्णेजवळच्या खेड्यातून सिकंदराबादला आले आणि रेल्वेचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात पेंटर म्हणून लागले. अडतीस वर्षं त्यांनी डब्यांना रंग दिला, नंबर घातले, पट्ट्या ओढल्या. चौसष्ट फुटी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी ओढायची तर बाकीचे पेंटर खडूची दोरी मारून घ्यायचे. बाबा दोरी धरत नसत. नव्या भरती झालेल्यांना फोरमन सांगायचे की निवृत्तीची पट्टी बघून या आणि मग ब्रशला हात लावा. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाठ आहे.

रिटायर झाल्यावर बाबांनी मीटरगेजचा एक डबा बनवायला घेतला. खरा नव्हे, त्याचं मॉडेल. बत्तीसपट लहान, म्हणजे लांबीला बरोबर दोन फूट. मनमाडच्या गाडीला लागायचे तसला मरून रंगाचा डबा, खिडक्यांखाली पिवळी पट्टी. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं शाळेतलं टेबल होतं, तिथे उजेड चांगला येतो म्हणून तेच त्यांनी बळकावलं. प्लॅस्टिकचे पत्रे, पितळेची तार, सुया, चिमटे. चौदा महिने ते काम चाललं. आत लाकडी बाकं आहेत, बाकांच्या फळ्यांमधल्या फटी आहेत, छताला पंखे आहेत, आणि एका पंख्याचं पातं वाकलेलं आहे कारण त्या डब्यातलं एक पातं वाकलेलंच होतं, असं बाबांचं म्हणणं. आई म्हणजे कोंडाबाई या चौदा महिन्यांत घरात अनवाणी चालली नाही, कारण फरशीवर कधी काय टोचेल याचा नेम नसे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानात हौशी मॉडेलवाल्यांच्या एका क्लबची स्पर्धा असते. विमानं, जहाजं, रणगाडे, इमारती आणि रेल्वे. रेल्वेच्या गटात पहिल्या आलेल्या मॉडेलला यंदा सिकंदराबादच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वाचनालयात काचेची पेटी मिळणार होती, कायमची. बाबांना कपाची आणि सर्टिफिकेटची काही पडलेली नव्हती. त्यांना ती पेटी हवी होती. मीटरगेज उखडलं गेलं, डबे भंगारात गेले, ज्यांनी ते रंगवले त्यातलेही बरेच गेले. "एक तरी डबा राहिला पाहिजे की नाही?" असं ते एकदा मला म्हणाले, आणि त्या दिवसापासून ती पेटी मलाही हवी झाली.

स्पर्धेचं नियमपत्र आलं तेव्हा मी ते ताब्यात घेतलं. परीक्षक काय काय बघतात याची यादी त्यात होती, आणि याद्या हा माझा प्रांत. स्पर्धेच्या आधीचा आठवडाभर मी ऑफिसातून सुटले की थेट आईकडे जाऊन डबा तपासत होते. टॉर्च आडवा धरला की पृष्ठभागावरचा केस, धूळ, बोटाचा ठसा सगळं उठून दिसतं. खिडक्यांच्या काचेवर गोंदाची वाफ धरली आहे का, दोन पत्रे जुळतात तिथे भेग दिसते का, तेही मी पाहिलं. डबा काचेच्या तुकड्यावर ठेवून एकेका चाकाखाली कागदाची चिठ्ठी सरकवून बघितली, कारण आठही चाकं टेकली पाहिजेत. सात टेकली, आठवं अधांतरी होतं. बाबांनी निमूटपणे ते ठीक करून दिलं. मी सांगायची आणि ते करायचे, आणि दोघांनाही त्यात मजा वाटत होती. आई म्हणाली की बापलेकीचं इतकं जमलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

डब्याच्या टोकाला, जिथे शेवटच्या दुरुस्तीची तारीख घालतात, तिथे बाबांनी बारीक अक्षरात १४-३-८४ घातलं होतं. ती माझी जन्मतारीख. मी बाबांकडे बघितलं, ते ब्रश पुसत होते. मला बरं वाटलं, पण मी क्वालिटीवाली, त्यामुळे तोंडाने एवढंच म्हटलं की परीक्षकांनी विचारलं तर काय सांगणार. ते म्हणाले, "खरं आहे ते सांगेन."

आणि गुरुवारी मला ती पट्टी दिसली.

डब्याच्या एका बाजूला खिडक्यांखालची पिवळी पट्टी तिसऱ्या खिडकीपर्यंत सुतासारखी सरळ जात होती, आणि तिथून पुढे किंचित खाली उतरली होती. खाली उतरून पुन्हा सरळ, शेवटपर्यंत. फूटपट्टी लावून मोजलं तर मिलिमीटरभर, किंवा जरा जास्त. पण एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, परीक्षक भिंग घेऊन येतात. ते म्हणाले, येऊ दे. मी शुक्रवारी पुन्हा विषय काढला, तेव्हा ते जरा चिडले.

"तू डबा बघ बरं," ते म्हणाले. "पट्टीकडं काय सारखं बघायलीस?"

मला वाटलं, त्यांना आता दिसत नाही. अडुसष्ट वय झालं, डोळे थकले, हातही थकला असेल, आणि ज्या माणसाची पट्टी बघायला नव्या पोरांना पाठवायचे तो माणूस आपला हात हलला हे कबूल कसं करणार. मला त्यांची फार माया आली. आणि माया आली की मी गप्प बसत नाही, काहीतरी करून ठेवते.

शनिवारी दुपारी बाबा मलकपेठेला श्रीनिवासरावांकडे गेले. श्रीनिवासराव म्हणजे त्यांचे चहाचे दोस्त, रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेतलं. स्पर्धेत मॉडेलबरोबर माहितीचा कागद आणि खऱ्या वस्तूचा फोटो द्यावा लागतो. बाबांनी माहिती मराठीत लिहिली होती आणि श्रीनिवासरावांनी ती इंग्रजीत टाइप करून परस्पर क्लबाकडे पाठवली होती. मी दोनदा तो कागद मागितला. दोन्ही वेळा मला सांगण्यात आलं की तो गेला. मी मनात म्हटलं, असेल काहीतरी लांबी, रुंदी, साल.

आई विहारात गेली होती. मी टेबलाशी बसले, पातळ चिकटपट्टी लावून वरची आणि खालची कड आखून घेतली, बाबांच्याच डबीतला पिवळा रंग घेतला, उतरलेल्या भागावर मरून चढवला आणि सरळ रेषेत नवी पिवळी पट्टी ओढली. हात कसा धरायचा हे मला बाबांनीच शाळेत असताना चार्ट रंगवताना शिकवलं होतं. वाळल्यावर टॉर्च मारून पाहिलं. जोड कुठे आहे हे मला स्वतःलाच सापडेना. खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता. संध्याकाळी बाबा यायच्या आत मी डबा आईच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि वरून टेप लावून टाकला. आता उघडायचं नाही, धूळ जाते, असं मी बजावलं. ते म्हणाले, हौ, जशी तुझी मर्जी.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने नामपल्लीला निघालो. नुमाइश म्हणजे तिथलं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन सुरू व्हायला अजून महिना होता, त्यामुळे मैदान बरंच मोकळं होतं. खोकं बाबांच्या मांडीवर होतं. स्पीडब्रेकर आला की ते खोकं दोन्ही हातांनी उचलून धरायचे आणि रिक्षावाल्याला मागून हळू, हळू म्हणायचे. शेवटी त्याने आरशातून बघत विचारलं, "क्या है चच्चा, केक है क्या?" बाबा म्हणाले, गाडी है. पुढचं सगळं अंतर त्याने वरातीच्या चालीने कापलं.

हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडलेली होती. मॉडेलवाल्याने टेबलाच्या मागे बसायचं आणि परीक्षक पुढून बघत जाणार, अशी व्यवस्था. बाबा फॉर्म भरायला काउंटरवर गेले तेवढ्यात मी डबा बाहेर काढला, मऊ ब्रश फिरवला आणि दुरुस्त केलेली बाजू पुढे करून ठेवला. बाबा आले ते मागच्या खुर्चीत बसले. त्यांच्याकडे डब्याची दुसरी बाजू होती. शेजारच्या टेबलावर प्रमोद नावाच्या बँकेतल्या गृहस्थांचं वाफेचं इंजिन होतं, आणि ते खरोखर धूर सोडत होतं. बाबा उठून त्यांच्या इंजिनाचं तोंड भरून कौतुक करून आले.

अकरा वाजता परीक्षक आमच्यापाशी पोहोचल्या. इंदुमतीबाई नाव, एका सरकारी ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेल्या, गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं. त्यांनी बाबांना नमस्कार केला, मराठी आहात का विचारलं आणि मग दहा मिनिटं डबाच बघत राहिल्या. टॉर्च मारला. चाकं पाहिली. आत डोकावल्या, वाकलेलं पातं पाहून त्यांनी कागदात काहीतरी बघितलं आणि मान हलवली. मी खुर्चीच्या कडेवर बसून त्यांचा चेहरा वाचत होते. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी खिशातून छोटी स्टीलची पट्टी काढली, माझ्या पिवळ्या पट्टीला लावली, आणि तिसऱ्या खिडकीपाशी थांबल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्यांनी पुन्हा कागद बघितला. मग फाइलीतला फोटो काढला. तो फोटो मला ठाऊक होता, आमच्या भिंतीवर त्याचीच मोठी प्रत आहे. एका साहेबांच्या निरोपाच्या दिवशी कारखान्यातली माणसं डब्यासमोर उभी आहेत, बाबांचे केस कानावर आलेले आहेत आणि पँटला भली मोठी बेलबॉटम आहे. आम्ही भावंडं त्या बेलबॉटमला हसत मोठी झालो.

"कागदात तुम्ही लिहिलात, तिसऱ्या खिडकीनंतर पट्टी दीड इंच खाली जाते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "फोटोतही जाते आहे. इथं तर एकदम सीधी आहे. मी कागद खरा धरू की डबा?"

मला आधी काही समजलंच नाही. मग त्यांनी फोटो आमच्यापुढे धरला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यातल्या माणसांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. पिवळी पट्टी तिसऱ्या खिडकीपर्यंत सरळ होती आणि तिथून खाली उतरली होती. जिला हजारांतली एक गोळी दिसते तिला रोजच्या भिंतीवरचं एवढं दिसलं नव्हतं.

बाबा उठून टेबलाच्या पुढच्या बाजूला आले. खाली वाकले. त्यांनी पट्टी पाहिली, आणि त्यांना ती कुणी काढली हे त्याच क्षणी कळलं, कारण तो हात त्यांनीच घडवला होता. ते माझ्याकडे वळले नाहीत. सरळ होत इंदुमतीबाईंना म्हणाले, "चुकलं बाई माझं. सवयीनं हात सरळ गेला."

आता मी काय करायला हवं होतं ते लिहायला सोपं आहे, पण तिथे उभं राहून सोपं नव्हतं. नियमपत्र मला पाठ होतं. पाचवा नियम असा की बाहेरून दिसणारं सगळं काम स्पर्धकाच्या स्वतःच्या हाताचं हवं, नाहीतर मॉडेल बाद. शनिवारी ब्रश उचलताना नेमका तोच मला आठवला नव्हता. मी गप्प राहिले असते तर बाबांचे चार गुण गेले असते, पेटी कदाचित प्रमोदरावांच्या इंजिनाला मिळाली असती, पण डबा स्पर्धेत राहिला असता. बोलले तर डबाच बाहेर. पण ज्या माणसाने अडतीस वर्षं आपल्या पट्टीवर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, तो परक्या बाईसमोर माझ्या चुकीसाठी मान खाली घालून उभा होता. मला ते बघवलं नाही.

"ही पट्टी त्यांनी नाही काढली," मी म्हणाले. "मी काढली. काल दुपारी, त्यांना न विचारता. त्यांची खाली गेलेलीच होती. मला वाटलं चुकली आहे."

आई मागे जेवणाच्या डब्यातली भाकरी कागदात बांधत होती, ती तशीच थांबली. बाबा म्हणाले, रेणुका, गप बस. इंदुमतीबाईंनी भिंग खाली सोडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सात वर्षांची झाले.

"नियम तुम्हाला माहीत असेल," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी अजून आकडा लिहिलेला नाही. वाटेत मोडतोड झाली तर बारापर्यंत दुरुस्तीचं टेबल उघडं असतं. ही पण मोडतोडच म्हणायची. तुमची पट्टी काढून टाका आणि त्यांच्या हाताची येऊ द्या. मग मी बघते."

दुरुस्तीचं टेबल कोपऱ्यात होतं, त्यावर एक दिवा आणि थिनरची बाटली. सव्वाअकरा वाजले होते. बाबांनी कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून माझं काम पुसायला घेतलं. खाली त्यांनी वार्निशचा हात दिलेला होता म्हणून मूळ मरूनला धक्का लागला नाही, पण त्या वार्निशवर ओढलेली त्यांची स्वतःची पट्टीही माझ्या रंगाबरोबर निघून गेली. ते पुसताना, वर न बघता, त्यांनी मला ती हकीकत सांगितली.

मार्च महिना होता. आई बाळंतपणाला पूर्णेला माहेरी गेली होती. माझे मामा पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन, त्यामुळे बातमी रेल्वेच्याच फोनवरून आली, स्टेशनातून कंट्रोलला, कंट्रोलमधून कारखान्याच्या टाइम ऑफिसात. तिथले एकनाथराव फोन ठेवून धावत शेडमध्ये आले. बाबा शिडीवर होते, पट्टी तिसऱ्या खिडकीपर्यंत आली होती. एकनाथरावांनी मागून आवाज दिला आणि बाबांचा हात खाली गेला. पण पट्टी मध्ये सोडायची नसते, जोड दिसतो, म्हणून त्यांनी ती तशीच पुढे शेवटपर्यंत नेली. डबा सकाळी निघणार होता. प्रतापराव फोरमन येऊन बघून गेले. ते म्हणाले, आत बसलेल्यांना पट्टी दिसत नाही आणि बाहेरच्यांसाठी गाडी थांबत नाही, तेव्हा राहू दे, निवृत्ती, पोरीच्या नावाने राहू दे. पुढच्या रंगापर्यंत दोन वर्षं तो डबा सिकंदराबाद ते मनमाड तसाच धावला. बाबा संध्याकाळी मुद्दाम स्टेशनात जाऊन उभे राहायचे, आणि कधी तो डबा दिसायचा.

"हजारो डबे रंगवले," ते म्हणाले. "त्यातला हाच का केला, वाटतं तुला?"

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दुरुस्तीच्या टेबलाशी दोन्ही बरं दिसत नाही.

जोड नको म्हणून अख्खीच पट्टी पुसून झाली. बाबांनी ब्रशला रंग घेतला, श्वास धरला आणि ओढली. तिसरी खिडकी आली, गेली, पट्टी सरळच. त्यांनी पुसली. दुसऱ्यांदा ओढली. त्यांनी ठरवून हात खाली नेला, तर तो मुद्दाम नेल्यासारखा दिसला, पायरी उतरल्यासारखा. ती पण पुसली. घरी हे साधायला त्यांना तीन आठवडे लागले होते. ओढायचं आणि पुसायचं, ओढायचं आणि पुसायचं, असं करत एकदा कधीतरी जमलं होतं. इथे बाराला वीस मिनिटं कमी होती. तिसऱ्यांदा पुन्हा सरळ गेली. बाबा खुर्चीत मागे टेकले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. चांगल्या सवयीचा इतका राग आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"होत नाही पोरी," ते म्हणाले. "जाऊ दे आता."

मी म्हटलं, एकदा अजून. त्यांनी पुसलं, रंग घेतला, पुढे वाकले. मी हळूच त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. ब्रश पहिल्या खिडकीखालून गेला. दुसऱ्या खिडकीखालून गेला. तिसरी संपत आली तेव्हा मी एकनाथरावांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ए निवृत्ती, पोरगी झाली रे."

बाबांचा हात खाली गेला.

त्यांनी मान वर केली नाही. पट्टी मध्ये सोडायची नसते. त्याच श्वासात ती त्यांनी पुढे नेली, चौथ्या खिडकीखालून, पाचव्या, सहाव्या, थेट टोकापर्यंत, आणि टोकाला पोहोचल्यावरच ब्रश उचलला. मग तो भांड्यात ठेवला, मागे वळले आणि रंगाच्या हाताने माझा कान धरला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते जोरजोरात हसत होते. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. माझ्या कानाला पिवळा रंग लागला, तो दोन दिवस गेला नाही.

आई पलीकडे उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाळंत मी झाले, आणि हात यांचा थरथरला." मग तिने भाकरी आणि अंबाडीची चटणी काढून आम्हा दोघांच्या हातात दिली, आणि इंदुमतीबाईंनाही एक तुकडा दिला, कारण त्या तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

इंदुमतीबाईंनी भाकरी डाव्या हातात धरून उजव्या हाताने स्टीलची पट्टी लावली. रंग ओला होता म्हणून अलगद, न टेकवता. फोटो बघितला, पुन्हा मोजलं. "आता बरोबर चुकलंय," त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.

संध्याकाळी चार वाजता निकाल लागला. रेल्वेच्या गटात पहिला डबा, दुसरं प्रमोदरावांचं इंजिन. प्रमोदराव भला माणूस. त्यांनी बाबांच्या सन्मानार्थ इंजिनातून धूर काढून दाखवला. श्रीनिवासराव मलकपेठेहून मिठाई घेऊन आले होते. त्यांना सकाळचा किस्सा कळला तेव्हा त्यांनी मला विचारलं, कागद वाचल्याशिवाय काम कायकू करतात बोलो. इंग्रजीच्या मास्तरांना उलट बोलायचं नसतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

डबा आता वाचनालयात आहे. काचेच्या पेटीला खाली छोटी लाकडी चौकट आहे, त्यात माहितीचं कार्ड लावायचं असतं. तिथल्या माणसाने बाबांना मजकूर लिहून द्यायला सांगितलं. बाबांनी तो स्वतःच्या हाताने रंगवला, दोरी न धरता, आणि या वेळी आधी मला तपासायला दिला. डबा: निवृत्ती सोनकांबळे, पेंटर. तिसऱ्या खिडकीनंतरचा दोष: रेणुका, १४-३-८४.

मी टॉर्च आडवा धरून ते कार्ड दोनदा तपासलं आणि पास केलं.